टाळ्या पुरे, पदे भरा!

दरवर्षी 12 मे उजाडला की परिचारिकांना गुलाबपुष्पे दिली जातात आणि त्यांच्या त्यागाचे गोडवे गायिले जातात. 22 मार्च 2020 रोजी देशाने थाळ्या वाजविल्या. 3 मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. पुढच्याच महिन्यात जळगावच्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तेथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. दोषींना शासन व्हावेच; परंतु किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हा मूळ प्रश्न निलंबनाच्या आदेशाने सुटत नाही.

आता नवा उपदेश ऐकू येतो: परिचारिकांना नैराश्य येत असेल, तर त्यांनीच कृतज्ञ व्हावे, घडलेल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात. हा उपदेश निराधार नाही. हाँगकाँगच्या रुग्णालयांतील आरोग्यसेवकांवरील, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा नोंदींनी ताण व नैराश्य घटल्याचे दिसले. घरी जाणाऱ्या रुग्णाने 'सिस्टर, येतो' म्हणून हात जोडले की रात्रपाळीचा शीण हलका होतो, हेही खरे. पण तिघींचे काम एकीच्या माथी मारायचे आणि वर तिच्या हाती वही द्यायची, याला उपचार म्हणत नाहीत. कामाचे मोल स्तुतीने चुकविले, की वाचलेला पैसा मालकाच्याच गाठीला राहतो.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे: अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये वेतनाची शिफारस केली. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिली. मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. संप झाला की 'रुग्णांचे काय?' असे विचारले जाते. रिकाम्या पदांमुळे रुग्णांचे रोज काय होते, हे कोण विचारणार?

साने गुरुजींनी याच खानदेशात प्रेमधर्म शिकविला. पण गिरणी कामगारांना सोशिकतेचा उपदेश करून ते स्वस्थ बसले नाहीत, त्यांच्या लढ्यात उतरले. जळगाव-धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी तोच मार्ग धरावा. माहितीच्या अधिकारात प्रत्येक शासकीय रुग्णालयातील मंजूर व भरलेल्या पदांचा हिशेब मागावा, तो चौकाचौकात फलकावर लावावा आणि परिचारिकांच्या संघटनेमागे उभे राहावे. समाजाची कृतज्ञता खरी असेल, तर ती हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर दिसली पाहिजे.