अस्करची चिठ्ठी : सगळ्यात फास्ट कुठला?



या खेपेचा विषय जरा रुक्ष आहे, पण खिशाला चांगलाच चटका लावणारा. अस्करमध्ये आमचा एक धाकटा मित्र आहे. मूळचा नाशिकचा, स्ट्रक्चरल डिझाइनवाला. त्याचं काँट्रॅक्ट दोन महिन्यांत संपतंय. कंपनीचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी परत द्यायचा. पुण्यातली एक फर्म त्याला तिथे पोचल्यावर सुटी कामं द्यायला तयार आहे, पण मशीन ज्याचं त्याने आणायचं. दुसरी नोकरी मिळाली तर सहा महिन्यांत कदाचित मस्कतला. म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पैशातून स्वतःचं पोर्टेबल वर्कस्टेशन घ्यायचं, आणि ते बंद पडलं तर त्या दिवशीची कमाईही बंद.

त्याने विचारलं, "काका, सगळ्यात फास्ट कुठला?" मी म्हटलं, बाबा रे, आधी प्रश्नच बदल. "बहरीन सोडल्यावर हा बिघडला तर दुरुस्त कोण करणार?" इथून सुरुवात कर.

तर मुद्देसूद सांगतो.

१) नावं. या वर्गात तीन घराणी जुनी: एचपीचं झेडबुक, लेनोवोचं थिंकपॅड पी आणि डेलचं प्रिसिजन. डेलने २०२५ मध्ये नवीन मॉडेलांना 'प्रो मॅक्स' नाव दिलं, त्यामुळे प्रिसिजन शोधणाऱ्याने गोंधळू नये. एनव्हिडियानेही २०२० पासून क्वाड्रो हे नाव बाजूला ठेवलं. आता आरटीएक्स म्हणतात, आणि गेमिंगवाल्या कार्डांचं नावही आरटीएक्सच! दुकानात पूर्ण मॉडेल नंबर वाचूनच पैसे मोजावेत.

२) जास्तीचे पैसे कशाचे? गेमिंग लॅपटॉपमध्ये तेवढाच वेग बऱ्याचदा स्वस्तात मिळतो. वर्कस्टेशनमध्ये ठरावीक सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर, दुरुस्तीला सोपी बांधणी आणि धंद्याच्या गिऱ्हाइकासाठीची सर्व्हिस मिळते. मोठ्या त्रिमितीय असेंब्लीवाल्यांना प्रमाणपत्राचा उपयोग खरा. आमच्या मित्राचं काम ऑटोकॅड, स्टॅड आणि ईटॅब्सवर. स्टॅड आणि ईटॅब्स विंडोजवरच चालतात, म्हणून मॅक बाद. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, आणि गणितं सोडवताना लागतो प्रोसेसर, मेमरी आणि चांगली एसएसडी. महागड्या ग्राफिक्स कार्डाचं त्याला काय लोणचं घालायचंय?

३) मेमरी. "आत्ता कमी घे, पुढे वाढव" हा आपला जुना सल्ला दोन कारणांनी तपासून घ्यावा लागतो. एक तर बऱ्याच पातळ मॉडेलांत मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आणि दुसरं म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले. त्याला मी ३२ जीबी सुचवले, पण बदलता येण्याजोग्या सॉकेटमध्ये.

४) अस्करचं हवामान. बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रांत वापराचं तापमान ० ते ३५ अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतच चाळीस! उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवणं म्हणजे बॅटरीचा जीव घेणं. एसीतून एकदम दमट हवेत काढला की चष्म्यासारखं त्यालाही दव धरतं, तो तसाच चालू करू नये.

शेजारी अल्बा. १९७१ पासून ॲल्युमिनियम गाळणारा हा कारखाना. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या सहाव्या लाइनमधून चार लाख अँपिअरहून जास्त डीसी प्रवाह वाहतो. अशा पॉटलाइनजवळ चुंबकीय क्षेत्र जबर असतं. झाकण मिटलंय की नाही हे लॅपटॉप लहानशा चुंबकीय सेन्सरने ओळखतो, त्यामुळे जबर चुंबकाजवळ झाकण उघडं असूनही स्क्रीन झोपी जाऊ शकते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कलाही धोका. कार्बनची धूळ तर वीजवाहक, आणि पंखा ती आत ओढतो. साइटवरच्यांनी एसएसडीच घ्यावी आणि जाळ्या साफ ठेवाव्यात.

५) प्रवास. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सहसा विनापरवानगी नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीला विचारून. म्हणूनच मोठ्या मॉडेलांच्याही बॅटऱ्या शंभरच्या आतच थांबतात. वजन बघताना चार्जरही तराजूत घाला. २३० वॉटची ती वीट पाठीला लागली की कळते. भारतात १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सामानात एकच लॅपटॉप करमुक्त आणता येतो. इथला चौकोनी तीन पिनांचा प्लग पुण्यात बसणार नाही, पण तेवढी केबल बदलली की झालं.

६) कर आणि वॉरंटी. बहरीनमध्ये २०२२ पासून व्हॅट १० टक्के, भारतात लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. वरवर बघता इथे घेणं फायद्याचं. पण भारतात जीएसटी नोंदणी करून धंदा करणार असाल, तर तिथे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते, इथला व्हॅट मात्र गेला तो गेलाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरती असते. "आंतरराष्ट्रीय आहे हो" हे दुकानदाराचं तोंडी वाक्य पुण्यात चालत नाही. दुसऱ्या देशात ती वर्ग होते का, हेच मॉडेल तिथे विकलं जातं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

७) जुनं घ्यावं का? जरूर. कंपन्यांनी तीन वर्षं वापरून काढलेली वर्कस्टेशनं उत्तम मिळतात. फक्त विंडोज ११ चालतं ना हे बघा, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी नवी टाकावी लागेल हे धरूनच भाव करा.

मित्राने शेवटी काय ठरवलं? इथे न घेता पुण्यात उतरल्यावर मधल्या ग्राफिक्सचं, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचं मशीन घ्यायचं. मस्कतला जाणं झालं तर वॉरंटी वर्ग होईल का, ते तो आत्ताच विचारून ठेवतोय. जाताना इथून नेणार फक्त स्वतःच्या खर्चाने घेतलेली पुस्तकं. कंपनीची ड्रॉइंगं पेनड्राइव्हवरसुद्धा नाहीत, हे मी त्याला दोनदा बजावलं. ती आपली नाहीत, आणि उद्या त्यावरून नाव खराब झालं तर कुठलीच वॉरंटी कामाची नाही.

आपल्यासारख्यांचा व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं, गाडीही बऱ्याचदा कंपनीचीच. हातातलं हत्यार तरी असं असावं, की ते कुठल्याही गावात चालेल आणि तिथे दुरुस्तही होईल. वेग त्यानंतर.

तुमच्या गावात कुठल्या घराण्याची सर्व्हिस खरंच दारात येते, ते जरूर कळवा. मित्राला अजून दोन महिने आहेत!