विहीर कुठे खणायची?

मुलांनो, समजा तुमच्या शाळेच्या बागेची विहीर आटली आणि मुख्याध्यापकांनी तुम्हालाच विचारलं, "नवी कुठे खणायची ते सांगा." तर तुम्ही कुठे बोट दाखवाल?

आमच्या चौथीच्या वर्गात अगदी हाच प्रश्न निघाला. कुणी म्हणालं, बागेला लागून. म्हणजे पाइप कमी लागेल. कुणी म्हणालं, मैदानाच्या कडेला. खेळायला अडचण नको. एकजण उठून म्हणाला, "जुन्या विहिरीला चिकटूनच खणूया. तिथं पाणी होतंच की!" सगळ्यांत हुशार वाटणारं उत्तर हेच, आणि सगळ्यांत फसवंही हेच, बरं का.

जुनी विहीर का आटली हे आधी नको का बघायला? नुसता गाळ साचून झरे बुजले असतील, तर नवी विहीर हवी कशाला? गाळ काढला की काम भागतं. कडा ढासळून ती मोडली असेल पण पाणी शाबूत असेल, तर शेजारी खणायला हरकत नाही. पण आजूबाजूच्या साऱ्याच विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवत असतील, तर जमिनीखालची पातळीच उतरलेली असते. मग वीस फुटांवर दुसरी खणून काय मिळणार? विहिरी दोन, पाणी तेवढंच!

आता जमिनीच्या पोटात डोकावू. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, निवला, आणि त्याचा हा खडक झाला. चिरोट्याला पदर असतात ना, तसे याचे थर. एकेका थराचा खालचा भाग बहुधा टणक असतो, वरचा बुडबुड्यांच्या भोकांचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जमिनीखाली नदी वाहते असं पुष्कळांना वाटतं; आपल्या पाषाणात तसं काही नसतं. भेग लागली नाही तर शंभर फूट खोल जाऊनही हाती धूळच.

मग भेग कुठे आहे हे ओळखायचं कसं? आधी पावसात छत्री घेऊन आवारात फिरा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं ते बघा. उंचवट्यापेक्षा खोलगट जागा बरी. उन्हाळ्यातही हिरवागार उंबर दिसला तर खूण करून ठेवा. झाडांवरून पाणी ओळखण्याची रीत फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तिच्यावर अख्खा अध्याय आहे.

"आणि पाणाडी?" हा प्रश्न येणारच. तळहातावर नारळ किंवा हातात दुबेळकं घेऊन ते जागा सांगतात. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच आवारातून दोनदा चालवा, दोन्ही वेळा तीच जागा येते का बघा. मुरूम जाड असेल तिथे कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच, म्हणून त्यांचं नाव होतं. मी तरी वर्गणीचे पैसे नारळाच्या भरवशावर लावणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथल्या भूवैज्ञानिकाला विचारावं. जमिनीत लोखंडी सळ्या रोवून वीज सोडतात. कोरडा टणक खडक विजेला अडवतो, ओला थर जाऊ देतो. अर्थात चिकणमातीही जाऊ देते, म्हणून आकडे वाचायला जाणकारच हवा.

शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून विहीर निदान पन्नास फूट दूर, आणि उताराच्या वरच्या अंगाला हवी. "पाणी तर झाडांना आहे," असं म्हणू नका. तहान लागली की तुम्ही कुठल्याही नळाला तोंड लावता, हे मला ठाऊक आहे! इमारतीजवळही नको, सुरुंग लावावे लागले तर भिंतींना तडे जातील.

खरी पंचाईत पुढेच आहे. आमच्या आवारातला सगळ्यांत चांगला कोपरा कुंपणालगतचा. उतार तिकडे, मुरूमही जाड. पण पलीकडे चाळीस पावलांवर शेजारच्या आजींची विहीर आहे, आणि त्यांचं पिणं, गुरं, भाजी सगळं तिच्यावर. पंप चालू झाला की विहिरीभोवतीची पातळी वाडग्यासारखी खाली बसते. आपलं वाडगं त्यांच्या विहिरीपर्यंत पोचलं, तर आपली बाग हिरवी आणि त्यांची घागर रिकामी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याला तरी कायद्याचा आधार आहे; १९९३ च्या कायद्याने अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायला बंदी घातली होती. आजींची विहीर मात्र खासगी.

वर्गात यावर चांगलंच भांडण झालं. माझं मत दुसऱ्या जागेला आहे, ओढ्याकडच्या. तिथे पाणी थोडं कमी लागेल आणि पाइपाला दीडशे फूट जास्त जातील, पण चालेल. जुनी विहीरही उघडी ठेवायची नाही. आधी तिला कठडा आणि वर जाळी.

तुमच्या गावात विहिरी असतील तर या रविवारी आईला किंवा बाबांना बरोबर घ्या, दोरीला दगड बांधा आणि कठड्यापासून पाणी किती खोल आहे ते मोजा. एकट्याने वाकायचं नाही हं! दर महिन्याला तोच आकडा वहीत लिहा आणि मे महिन्यात मला पाठवा.