अवधाण : गाठ काय सांगते?



आष्टी, आर्वी आणि कारंजा हा आमचा पट्टा गवळाऊ जातीच्या गाईबैलांचे माहेर मानला जातो. इथल्या जाणत्या शेतकऱ्याला बैलाच्या अंगावरून हात फिरवताना खांद्याच्या पुढे, कातडीखाली सरकणारी एक लांबट गाठ लागते. ती नेहमीइतकीच आहे की फुगली आहे, हे त्याच्या बोटांना कळते. मात्र घरातील मुलाच्या मानेला गाठ लागली की त्याच घरात एक तर कर्करोगाच्या भीतीने झोप उडते, नाहीतर लेप लावून महिनोन्‌महिने वाट पाहिली जाते. वास्तविक बैलाची ती गाठ आणि मुलाची ही गाठ एकाच प्रकारची आहे. दोन्ही लसीका ग्रंथी आहेत, आणि त्या दोघांच्याही शरीरात जन्मापासून असतात.

लसीका म्हणजे काय, हे आधी पाहू. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव सतत झिरपत असतो आणि पेशींना न्हाऊ घालतो. या द्रवाचा काही भाग पातळ नलिकांच्या जाळ्यात शिरतो, तीच लसीका. तिला ढकलण्यासाठी हृदयासारखा वेगळा पंप नाही. नलिकांच्या भिंतींचे आकुंचन, चालण्याने व श्वासाने पडणारा दाब आणि मागे वाहू न देणाऱ्या झडपा यांच्या बळावर ती वर सरकते व गळ्याच्या बुडाशी मोठ्या शिरांत मिसळते. त्या वाटेवर ठिकठिकाणी ग्रंथी बसविलेल्या असतात. माणसाच्या शरीरात त्या काही शे असतात. गाईबैलांत त्या संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या, तर घोड्यात बारीक आणि हजारोंच्या संख्येने झुबक्यांत असतात. कोंबडीला मात्र अशा खऱ्या ग्रंथी नसतातच. तिचे काम ठिकठिकाणी विखुरलेल्या पेशीसमूहांवर भागते.

ग्रंथीचा आकार साधारणपणे वालाच्या दाण्यासारखा. फुगीर बाजूने अनेक नलिका आत येतात, खोलगट बाजूने एखाद-दुसरी बाहेर पडते. आत येणाऱ्या वाटा अनेक आणि जाणारी वाट अरुंद, म्हणून लसीका इथे मंदावते व गाळली जाते. बाहेरच्या थरात ‘बी’ पेशींचे गोलाकार पुंजके असतात, त्याखाली ‘टी’ पेशींची वस्ती आणि गाभ्यात जंतू गिळणाऱ्या व प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी. डुकराच्या ग्रंथीत ही रचना जवळजवळ उलटी, आतले बाहेर अशी असते. काम मात्र तेच. जखमेतील जंतूचा अंश घेऊन काही पेशी ग्रंथीपर्यंत येतात आणि तो तिथल्या पेशींना दाखवितात. ज्या मोजक्या पेशींना तो ओळखता येतो, त्या झपाट्याने वाढू लागतात. आपल्याला गाठ सुजलेली जाणवते, ती बहुतेक वेळा या वाढीमुळे.

आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण ‘अवधाण’ म्हणतो. अवधाण आले की आजी आधी तळपाय पाहायची. हेच शास्त्र आहे, कारण प्रत्येक ग्रंथीचा प्रदेश ठरलेला असतो. पायाची लसीका जांघेत, हाताची व स्तनाची मुख्यतः काखेत, तर दात, घसा व डोक्याची मानेत येते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही पुष्कळ रोग्यांना जांघेत गाठ उठे. पिसू बहुधा पायाला चावे आणि जंतू जवळच्या ग्रंथीत जाऊन वाढत. म्हणून गाठ दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा : हिच्या प्रदेशात काय बिघडले आहे? डोक्यात उवा वा फोड, किडलेली दाढ, घशाचा संसर्ग यांपैकी काही बहुधा सापडते. ते बरे झाले की गाठही हळूहळू ओसरते.

पशुवैद्यही हाच प्रश्न विचारतात. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिसमध्ये, विशेषतः संकरित गाईंना, जोराचा ताप येतो आणि कानाखालच्या वा खांद्यापुढच्या ग्रंथी फुगतात. २०२२ साली महाराष्ट्रभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगातही कातडीवरील गाठींबरोबर या ग्रंथी सुजत. (लम्पी जनावरापासून माणसाला होत नाही, हे इथे सांगून ठेवतो.) थायलेरिओसिसचा संशय आला की पशुवैद्य फुगलेल्या ग्रंथीत सुई घालून थेंबभर द्रव काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाईला सुई टोचली म्हणून रोग पसरेल, अशी शंका कोणी घेत नाही.

हीच तपासणी माणसाची करायची म्हटले की मात्र घर अडून बसते. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ हा समज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. मानेतील गाठीला लावायची ही बारीक सुई सुरक्षित आहे आणि तिने रोग पसरतो असे मानण्याचे कारण नाही. टाळाटाळीचे नुकसान मात्र मोठे आहे. फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगात आपल्या देशात सर्वाधिक आढळतो तो ग्रंथींचाच क्षयरोग, ज्याला जुनी माणसे गंडमाळा म्हणतात. गाठ फारशी दुखत नाही, म्हणून दिवस जातात. लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर ओढणीआड गाठ लपविली जाते. पुढे ती फुटते, वाहू लागते आणि आयुष्यभराचा व्रण राहतो.

अशा घरांना मी तीन गोष्टी सांगतो. फुप्फुसात रोग नसेल, तर केवळ ग्रंथींचा क्षयरोग सहवासाने पसरत नाही. मुलीचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. सरकारी रुग्णालयात औषधे मोफत मिळतात आणि ती साधारणतः सहा महिने, एकही दिवस न चुकविता घ्यायची असतात. तिसरी गोष्ट धीराची. उपचार चालू असताना गाठ कधी कधी वाढते, नवी गाठही येते, आणि शेवटी बारीकशी उरूही शकते. एवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजून ते सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मुलांच्या मानेत हरभऱ्याएवढ्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी पुष्कळदा असतात. त्यांची चिंता नको. पण गाठ दोन आठवड्यांनंतरही कमी झाली नाही, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, दगडासारखी कठीण वा एका जागी रुतलेली लागली, गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, किंवा तिच्याबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम व वजनात घट असेल, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी काखेतील गाठ संकोचाने लपवू नये. गाठ डागू नये, दाबून फोडू नये. दुकानातून विचारून आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. लसीका ग्रंथींचा कर्करोग त्यांनी काही काळ दबतो आणि निदान हातचे जाते.

गोठा असलेल्या घरांसाठी आणखी एक. क्षयरोगी जनावराच्या कच्च्या दुधातून मानेच्या व पोटातील ग्रंथींचा क्षयरोग माणसाला होऊ शकतो. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे फार. तरी दूध उकळूनच प्यावे, घरच्या गाईचे असले तरीही.