तातडीचे नाही, म्हणून केव्हाही?

कामगार विमा योजनेच्या एखाद्या रुग्णालयात सकाळी आठ वाजता जाऊन उभे राहिले, की या देशातील कामगाराच्या आरोग्याची स्थिती कोणताही अहवाल न वाचता समजते. केसपेपरच्या खिडकीपुढे एक रांग, डॉक्टरांच्या खोलीपुढे दुसरी आणि औषधांच्या खिडकीपुढे तिसरी. या तीन रांगा सर्वांना दिसतात आणि त्यांच्याविषयी अधूनमधून वर्तमानपत्रांत छापूनही येते. पण एक चौथी रांगही आहे. ती कोणाला दिसत नाही, कारण तिच्यातली माणसे कामावर किंवा घरी असतात आणि त्यांच्या खिशात फक्त एक चिठ्ठी असते. कोणाच्या चिठ्ठीवर सोनोग्राफीसाठी पुढच्या महिन्याची तारीख असते, कोणाच्या चिठ्ठीवर हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी पावसाळ्यानंतरची, कोणाच्या चिठ्ठीवर मोतीबिंदूसाठी दिवाळीनंतरची. त्या दिवशी गेल्यावर मशीन बंद असते, नाहीतर तज्ज्ञ डॉक्टर रजेवर असतात, आणि चिठ्ठीवरची तारीख खोडून नवी लिहिली जाते.

यावर उत्तर ठरलेले आहे : ‘तुमचे काम तातडीचे नाही.’ अपघातात हात सापडलेला कामगार आधी घेतला पाहिजे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. कामगार स्वतःच त्याला वाट करून देतो. प्रश्न असा आहे, की तातडीचे नाही म्हणजे किती दिवसांनी? या प्रश्नाला आजच्या व्यवस्थेत उत्तर नाही. जे तातडीचे नाही, ते केव्हाही झाले तरी चालते, असे गृहीत धरले गेले आहे. आमचा विरोध या गृहीताला आहे.

तातडी ठरवताना डॉक्टर रोग पाहतात आणि ते योग्यच आहे. पण तो रोग घेऊन माणूस कोणते काम करतो, हे कोणी पाहत नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाचा हर्निया आणि दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाचा हर्निया कागदावर सारखाच दिसतो. हमालाच्या बाबतीत मात्र प्रत्येक पोत्यागणिक तो वाढतो आणि आतडे अडकले, की काल ‘तातडीचे नाही’ म्हटलेले दुखणे एका रात्रीत जिवावर बेतते. लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असेल, तर तो शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना मशीन थांबत नाही. शिलाई कारखान्यातील बहिणीला अंगावरून जास्त जाते, सोनोग्राफीची तारीख दीड महिन्यानंतरची मिळते, आणि तेवढे दिवस ती अंगातले रक्त कमी होत असतानाही पाळी भरत राहते. मधुमेह आणि रक्तदाब ही दुखणी तर कधीच तातडीची नसतात. ती तातडीची होतात, तेव्हा मूत्रपिंड निकामी झालेले असते.

आता खर्चाचा हिशेब पाहू. १ जुलै २०१९ पासून कामगार विम्याच्या वर्गणीचा दर मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असा आहे. दरमहा १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून महिन्याला १३५ रुपये, म्हणजे वर्षाला १,६२० रुपये कापले जातात. मालक महिन्याला ५८५ रुपये भरतो. दोन्ही मिळून वर्षाला ८,६४० रुपये त्या एका कामगाराच्या नावाने जमा होतात. याच कामगाराची रोजी २६ दिवसांच्या हिशेबाने सुमारे ६९२ रुपये पडते. एक दिवस तपासणीसाठी, एक सोनोग्राफीसाठी, एक अहवाल घेण्यासाठी आणि एक दिवस ‘आज डॉक्टर नाहीत’ हे ऐकण्यासाठी, असे चार खाडे झाले, की २,७६९ रुपये गेले. वर्षभराच्या वर्गणीपेक्षा ही रक्कम जास्त आहे, आणि अजून उपचाराला सुरुवातही झालेली नाही. आजारपणाचा रोख लाभ वेतनाच्या ७० टक्के असतो आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो हे खरे. पण त्यासाठी आजारपणाचा दाखला लागतो आणि आजवरच्या नियमाप्रमाणे पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. तारखेसाठी मारलेल्या एका दिवसाच्या खेपेचा खाडा कोणीच भरून देत नाही. कंत्राटी कामगाराचे तर खाड्यावर भागत नाही. तिसऱ्या खाड्याला ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. म्हणून अनेक जण तारीखच चुकवतात, आणि दप्तरी मात्र नोंद होते की रुग्ण आला नाही.

याहून गंभीर बाब हक्काची आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. समजा, एखाद्या कंत्राटी कामगाराचे काम सप्टेंबरअखेर सुटले. त्याचा हक्क साधारणपणे जूनअखेर संपतो. त्याला शस्त्रक्रियेची तारीख जुलैची मिळाली असेल, तर तो ठरल्या दिवशी रुग्णालयात पोचतो आणि संगणक सांगतो की याचे नाव चालू नाही. वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या कामगाराचेही पुढेमागे असेच होते. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. कामगाराने वर्गणी वेळेवर भरली होती. उशीर व्यवस्थेने केला आणि हक्क मात्र कामगाराचा बुडाला. खाजगी विमा कंपनीने असे केले असते, तर त्याला आपण फसवणूक म्हटले असते.

ही योजना कोणी दान म्हणून दिलेली नाही, याची आठवण करून देणे आवश्यक आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून तिचा पाया घातला गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली. गिरणगावातील जुन्या कामगारांना पॅनेल डॉक्टरांची चिठ्ठी अजून आठवत असेल. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किशोर लाल यांच्या खटल्यात स्पष्ट केले, की विमा रुग्णालयातील सेवा फुकट नसते, तिच्यासाठी वर्गणी घेतलेली असते, आणि म्हणून विमाधारक कामगार हा ग्राहक आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगितले होते. तेव्हा खिडकीपुढे उभा असलेला माणूस हात पसरून उभा नाही. त्याने पैसे आधीच दिलेले आहेत.

मग अडते कुठे? पैसे नाहीत, हे कारण पटण्यासारखे नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे उत्पन्न गेली कित्येक वर्षे खर्चाहून जास्त राहिले आहे आणि राखीव निधी वाढत गेला आहे. २०१९ मध्ये एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. १८,००० रुपये वेतनावर कामगाराचे महिन्याला १८० रुपये वाचले आणि मालकाचे २७० रुपये. बाहेर सोनोग्राफीसाठी रांग असताना आणि डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असताना ही कपात झाली. अडते ते जबाबदारीच्या वाटणीत. निधी महामंडळाकडे आणि बहुतेक राज्यांत दवाखाने व अनेक रुग्णालये राज्य सरकारकडे, अशी ही रचना आहे. जागा का भरली नाही, हे राज्याला विचारले तर ते महामंडळाकडे बोट दाखवते आणि महामंडळाला विचारले तर ते राज्याकडे. ज्या खाजगी रुग्णालयांशी करार आहेत, त्यांची बिले थकली की ती रुग्ण घेण्यास टाळाटाळ करतात. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीतील विमा रुग्णालयाला आग लागली, त्यात माणसे दगावली आणि रुग्णालय बंद पडले. तिथल्या रुग्णांचा भार साहजिकच इतरत्र गेला. एक रुग्णालय बंद पडले, की शेजारच्या रांगा लांबतात, एवढी ही व्यवस्था काठावर चालते.

एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. या रागाचे लक्ष्य खिडकीमागचा कारकून, परिचारिका किंवा डॉक्टर असता कामा नये. एका सकाळी शंभर रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि दोन कक्ष एकटीने सांभाळणारी परिचारिका हीसुद्धा कामगारच आहेत, आणि त्यांच्यातील कित्येक जण आपल्यासारखेच कंत्राटावर आहेत. त्यांच्या अंगावर धावून जाण्याने रांग एका माणसानेही कमी होत नाही.

ही रांग पुढे वाढणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आणल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आणि जुना विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. या संहितांबद्दलचे आमचे आक्षेप कायम आहेत. पण त्यांत आरोग्याविषयी जी आश्वासने आहेत, त्यांची तरी पूर्तता व्हावी. विमा योजना देशभर लागू होईल, धोक्याच्या उद्योगात एकच कामगार असला तरी त्याला संरक्षण मिळेल आणि चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होईल, असे सरकार सांगते. तपासणी व्हायलाच हवी. पण तपासणीत मोतीबिंदू सापडल्यावर पुढे काय? डॉक्टर आणि खाटा वाढल्या नाहीत, तर पुढे पुन्हा तारीखच आहे.

परदेशातही रांगा आहेत, असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत तातडीचे नसलेले उपचार पाठवणीपासून १८ आठवड्यांच्या आत ९२ टक्के रुग्णांबाबत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तेथील प्रतीक्षायादीतील नोंदी सुमारे ७७ लाखांवर गेल्या होत्या. मात्र तिथे हे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात आणि त्यावरून सरकारला जाब द्यावा लागतो. आपल्याकडे दंडकच नाही, म्हणून तो मोडल्याची नोंदही नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत :

१) प्रत्येक विमा रुग्णालयाने विभागवार प्रतीक्षायादी दरमहा दर्शनी फलकावर लावावी आणि प्रत्येक रुग्णाला क्रमांकासह लेखी तारीख द्यावी.

२) तज्ज्ञांची भेट १५ दिवसांत, चाचणी १५ दिवसांत आणि नियोजित शस्त्रक्रिया ६० दिवसांत, अशी मर्यादा ठरवावी. ती ओलांडल्यास रुग्णाला विनाखर्च करारबद्ध रुग्णालयात पाठवावे आणि त्या रुग्णालयांची बिले वेळेवर चुकती करावीत.

३) तज्ज्ञांकडे पाठवल्याच्या दिवशी असलेला हक्क उपचार पूर्ण होईपर्यंत कायम राहावा.

४) रुग्णालयाने दिलेल्या तारखेचा दिवस भरपगारी धरावा. पाळीत काम करणाऱ्यांसाठी सायंकाळी आणि रविवारी बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवावा.

५) तारीख देताना कामगाराच्या कामाचे स्वरूप केसपेपरवर नोंदवून विचारात घ्यावे.

६) डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या रिकाम्या जागा कायम नेमणुकीने भराव्यात.

मागण्या लिहून आपले काम संपत नाही. महामंडळावर मालकांइकतेच कामगारांचे प्रतिनिधी बसतात. प्रादेशिक आणि स्थानिक समित्यांवरही आपली माणसे असतात. या सभांमधून नवे रुग्णालय मंजूर करून घेतल्याच्या बातम्या आपण अभिमानाने छापल्या. पण चालू रुग्णालयात एका शस्त्रक्रियेला किती दिवस लागतात, हे आपण किती वेळा विचारले? ही चूक आपली आहे आणि ती आपणच दुरुस्त केली पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक शाखेने आजपासून एक वही घालावी. तीत सभासदाचा विभाग, दुखणे, पहिल्या भेटीचा दिवस, मिळालेल्या आणि बदललेल्या तारखा, झालेले खाडे एवढ्याच नोंदी असाव्यात. चिठ्ठी फाडून टाकू नका, तिची प्रत शाखेत द्या. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज करून आपल्या रुग्णालयातील मंजूर आणि भरलेल्या जागा विचारा; नियमाप्रमाणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. तीन महिन्यांच्या नोंदी हाती आल्या, की द्वारसभा घ्या आणि त्या वहीसह स्थानिक समितीपुढे जा. मुंबई असो, नागपूर असो, इंदूर असो की सुरत, सर्व शाखांच्या वह्या एकत्र झाल्या, तर जो आकडा सरकार मोजत नाही तो आपल्याकडे असेल.

आठ तासांच्या दिवसासाठी आपल्या आधीच्या पिढ्या लढल्या, कारण कामगाराच्या वेळेला किंमत आहे, हे त्यांना मान्य करून घ्यायचे होते. ती किंमत कारखान्याच्या फाटकात मान्य झाली. आता ती रुग्णालयाच्या फाटकातही मान्य करून घ्यावी लागेल.