पेट्रोल गाडीला डिझेल इंजिन: जुगाड जमेल, कागद जमणार नाही

वडनेर भोलजी (ता. नांदुरा): जुन्या पेट्रोल गाडीत घरीच डिझेल इंजिन बसवायची हौस काही जात नाही. एकेकाळी जीप, अॅम्बेसेडरला हा जुगाड परवडायचा. डिझेल बरंच स्वस्त होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, तो फायदा आटला. नुसतं हेड बदलून भागत नाही. डिझेलला दाब जास्त लागतो, म्हणजे अख्खं इंजिन, माउंटिंग, वजन वाढलं की पुढच्या स्प्रिंगाही. शेडमध्ये तेही जमेल, पण आरसीवर 'पेट्रोल'च राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. खरं दुखणं विम्याचं. हायवेवर कुणाला धडक बसली, तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं अन् भरपाई मालकाच्या शेतावर येऊ शकते. त्या मॉडेलला मंजूर असलेलं सीएनजी किट मात्र आरसीवर चढवता येतं.