‘तुम’ म्हणजे ‘तुम्ही’ नव्हे

वाराणसीच्या पोस्टिंगमधला एक रविवार. सिव्हिल कपड्यांत ब्रह्मा घाटावर गेलो होतो. पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा या घाटांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी घरं पेशवाईपासून आहेत, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळत. एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं, “तुम उस पार चलोगे? कितना लोगे?” त्याने तोंड फिरवलं. पायरीवर बसलेले एक मराठी आजोबा म्हणाले, “तुमच्या मनात ‘तुम्ही’ होतं हो, पण त्याला ‘तुम’ ऐकू आलं.” मग त्यांनीच विचारलं, “भइया, चलिएगा?” नावाडी लगेच उठला.

नावेत बसलो, पण मन दहा वर्षं मागे गेलं. माझा एक जवान जखमी होऊन इस्पितळात होता. त्याचे वडील गाझीपूरकडचे, निवृत्त शिक्षक. मी त्यांना फोनवर म्हणालो होतो, “तुम चिंता मत करो.” धीर द्यायला फोन केला आणि बापाच्या वयाच्या माणसाशी हाताखालच्या पोरासारखा बोललो. ते “जी साहब” एवढंच म्हणाले. माफी मागायची राहून गेली, कारण चूक झाली हेच मला कळलं नव्हतं.

यावर आपला बचाव ठरलेला असतो : आम्ही मराठी माणसं रोखठोक, मनात काही नसतं. मला हा बचाव मान्य नाही. समोरच्याला तुमचं मन दिसत नाही, तुमचे शब्द ऐकू येतात. रोखठोकपणा मुद्द्यात असावा, सर्वनामात नव्हे. फौजेत अधिकारीसुद्धा सुभेदाराला ‘साहब’ म्हणतो, म्हणून त्याचा हुकूम मवाळ होत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही हिंदीचे चोचले का पुरवावेत? महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, हे माझंही ठाम मत आहे. पण मग तोच नियम काशीत आपल्याला लागू होतो. गोरखा पलटणीत गेलेला अधिकारी गोरखाली शिकतो, तो काही उपकार म्हणून नव्हे. ज्यांना लढाईत न्यायचं, त्यांच्याशी नीट बोलता आलं पाहिजे.

याच काशीत 1883 साली बाबूराव विष्णू पराडकर जन्मले. मातृभाषा मराठी, पण ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक झाले. ‘राष्ट्रपति’सारखा शब्द हिंदीत रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांचं मराठीपण त्यामुळे उणावलं नाही. उलट आजही हे शहर त्यांचं नाव आदराने घेतं.

आणि हे दोन्ही बाजूंनी पाहा. बनारसी माणूस स्वतःला ‘हम’ म्हणतो, तेव्हा आपल्याला वाटतं, केवढा हा तोरा! तो तोरा नसतो, तिथली बोलायची रीतच तशी आहे. त्याच्या ‘हम’ने आपण त्याला गर्विष्ठ ठरवतो, आपल्या ‘तुम’ने तो आपल्याला उद्धट ठरवतो. दोघेही चुकतात. पण आपली चूक आपल्या हातात आहे.

तेव्हा मित्रांनो, ‘करो’ सोडा, ‘कीजिए’ म्हणा. ‘बैठो’ नको, ‘बैठिए’. पुढची पोस्टिंग उत्तरेत असेल तर सामान बांधायच्या आधी एवढी तयारी करा. पोरं तिकडे शिकायला-नोकरीला निघाली असतील, तर त्यांनाही सांगा. मला हे चाळिशी उलटल्यावर एका घाटाच्या पायरीवर कळलं. त्या मास्तरांच्या कामी ते आलं नाही.