भुरी आणि समुद्रशेवाळाचा अर्क

द्राक्षबागेत भुरीची चाहूल लागली की काही बागायतदार गंधकाबरोबर 'समुद्रशेवाळाचा अर्क' असे लिहिलेली बाटलीही घेऊन येतात. हा अर्क निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. तथापि समुद्रशेवाळ हे काही एकाच वनस्पतीचे नाव नव्हे, आणि एका शेवाळाचा गुण दुसऱ्याच्या नावावर खपविणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही.

हा भेद बव्हंशी पेशीभित्तिकेतील शर्करांचा आहे. कोकणातील खडकांवर ओहोटीच्या वेळी पातळ, झिरझिरीत पानांसारखे जे हिरवे शेवाळ दिसते, ते उल्वा. त्याचे पान अवघ्या दोन पेशींच्या जाडीचे असते. पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे तंतू व त्यांच्यामध्ये उल्वान नावाचा पदार्थ असतो. वाळलेल्या शेवाळाच्या वजनात तो सुमारे ९ ते ३६ टक्के भरतो. ऱ्हॅम्नोज ही शर्करा आणि ग्लुक्युरॉनिक किंवा इड्युरॉनिक आम्ल यांच्या जोड्या ओवून त्याची लांब साखळी बनते; ऱ्हॅम्नोजला सल्फेट जोडलेले असते. तपकिरी शेवाळात उल्वान नसून अल्जिनेट असते, कित्येक तांबड्या शेवाळांत कॅरॅजिनन. हिरवी शेवाळे तरी कोठे सारखी आहेत? कॉलर्पाच्या भित्तिकेत सेल्युलोजची जागा झायलानने घेतली आहे, कोडियमच्या भित्तिकेत मॅनानने.

उल्वाच्या अर्काने काकडी, घेवडा व द्राक्ष यांवरील भुरी कमी झाल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगांत दिसून आले. ते प्रयोग हरितगृहातील होते, हे विसरू नये. उल्वानमध्ये गंधक आहे म्हणून भुरी मरते, हा समजही चुकीचा आहे. धुरळणीचे गंधक बुरशीवर प्रत्यक्ष कार्य करते. उल्वान झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. त्यामुळे रोग पसरल्यावर केलेली फवारणी बहुधा वाया जाते, आणि गंधकाची वेळही हुकते.

२०२१ साली खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन शेवाळाचे अर्क जैव-उत्तेजक म्हणून त्याच्या कक्षेत आले. त्या व्याख्येत कीडनाशके व रोगनाशके येत नाहीत. तेव्हा असा अर्क भुरीचे औषध म्हणून देऊ करणाऱ्या विक्रेत्याला गावच्या कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत: शेवाळाची जात कोणती, आणि हा दावा वेष्टनावर छापला आहे काय? उत्तर समाधानकारक नसेल तर बागायतदाराने ते पैसे शिफारस केलेल्या बुरशीनाशकासाठी राखून ठेवावेत.